लांब शब्द वाचताना

मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये मूळ शब्दाला जोडूनच लिहिली जात असल्यामुळे, जोडाक्षरे बिनचूक ओळखणारे मूलही 'पर्यावरणसंवर्धनासाठीसुद्धा' अशा शब्दापाशी अडखळते आणि अक्षरामागून अक्षर उच्चारत शेवटापर्यंत पोहोचले, तरी त्याच्या हाती अर्थ लागत नाही. अशा वेळी शब्द अक्षरांत नव्हे, तर अर्थपूर्ण घटकांत फोडायला शिकवणे अधिक फलदायी ठरते: आधी 'सुद्धा' व 'साठी' झाकावेत, मग 'संवर्धना' या सामान्यरूपातून, म्हणजे अव्यय जोडताना बदललेल्या रूपातून, मूळ 'संवर्धन' शोधावे आणि शेवटी समास, म्हणजे शब्दांचा जोड, उलगडावा. उच्चारही या फोडीवर अवलंबून असतो. 'लोकसभा' या शब्दातील 'क' लिहिताना पूर्ण असला तरी बोलताना जवळजवळ अर्धा होतो, कारण तेथे 'लोक' हा घटक संपतो, आणि हे केवळ बाराखडी घोटून उमगत नाही. समास व सामान्यरूप यांची जागा व्याकरणाच्या तासापेक्षा (तेथे बहुधा व्याख्याच पाठ होतात) वाचनाच्या तासात अधिक आहे. भूगोल-विज्ञानाच्या धड्यापूर्वी शिक्षकांनी त्यातील चार-पाच लांब शब्द फळ्यावर फोडून दाखवावेत आणि मग ते पुन्हा अखंड, वाक्यासह वाचून घ्यावेत.