फाटक नाही, पण तिकीट हवंच

बर्लिनच्या यू-बान स्थानकात जिना उतरलं की समोर थेट फलाट. ना फाटक, ना दारात तपासनीस. सीरियातून नुकत्याच आलेल्या निर्वासिताला वाटतं, इथली मेट्रो फुकट असावी. ती फुकट नाही. साध्या वेशातले तपासनीस अचानक डब्यात चढतात आणि विनातिकीट सापडलेल्याला ६० युरोंचा दंड होतो. जाणूनबुजून केलेला फुकटा प्रवास तर तिथे फौजदारी गुन्हा आहे.

मला खरी कणव येते ती तिकीट काढूनही पकडल्या जाणाऱ्याची. फलाटावर एक लहानशी पेटी असते. सुटं छापील तिकीट तिच्या फटीत सरकवायचं, मग त्यावर तारीख-वेळ उमटते. हा शिक्का नसेल तर तिकीट बाद. पैसे भरलेत हे पटवून द्यायला त्या माणसाकडे भाषाही नसते.

‘डॉइचलांड-तिकीट’ या मासिक पासाने देशभर कुठल्याही गाडीत बसता येतं, हाही गैरसमजच. मे २०२३मध्ये ४९ युरोंना सुरू झालेला हा पास शहरी आणि प्रादेशिक गाड्यांत चालतो, लांब पल्ल्याच्या आयसीई गाड्यांत नाही. तो नावावर असतो. भावाचा पास आपल्याला चालत नाही.

पण सगळ्यात महागात पडते ती गाडी चालवण्याच्या परवान्याबद्दलची ऐकीव माहिती. एकाच छावणीत युक्रेनची बाई सांगते, “माझा परवाना इथे चालतो.” ते खरंच आहे, युक्रेनच्या निर्वासितांना दिलेलं तात्पुरतं संरक्षण असेपर्यंत त्यांचे परवाने मान्य करण्याचा नियम युरोपीय संघाने २०२२मध्ये केला. पण शेजारच्या सीरियन माणसाचा परवाना जर्मनीत राहायला लागल्यापासून फक्त सहा महिने चालतो. पुढे लेखी आणि गाडी चालवण्याची, अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. त्याशिवाय गाडी चालवली तर तोही गुन्हाच. भारतीय परवान्यालाही हीच सहा महिन्यांची मुदत आहे, हे जर्मनीत नोकरीला गेलेल्या मराठी मंडळींना माहीत असेल.

जर्मन येत नाही म्हणून परीक्षेला घाबरू नये. लेखी परीक्षा बारा परकीय भाषांत देता येते, २०१६पासून अरबीतही. प्रत्यक्ष चाचणीतल्या सूचना मात्र जर्मनमध्येच असतात.

तुम्ही जर्मनीत राहत असाल आणि शेजारी असं एखादं कुटुंब आलं, तर एकदा त्यांच्यासोबत फलाटावर जा आणि ती पेटी दाखवा.