बीड की ॲल्युमिनियम? : शर्यतीच्या टर्बो इंजिनाचा ब्लॉक

वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात इंझोरी हे गाव आहे. अशा गावातल्या शाळेत इंजिनाची प्रयोगशाळा नसते. पण ट्रॅक्टर मात्र शाळेच्या दारावरून रोज जातात. ट्रॅक्टरचे बॉनेट उघडले की मधोमध जो जड ओतीव ठोकळा दिसतो, तो इंजिनाचा ब्लॉक. सिलिंडर त्याच्या पोटात असतात. वरून हेड बोल्टांनी आवळलेले असते आणि खाली बेअरिंगांमध्ये क्रँकशाफ्ट फिरतो. शर्यतीच्या हजार अश्वशक्तीच्या गाडीतही हेच भाग असतात. फरक असतो तो आकड्यांचा. त्या गाडीसाठी ब्लॉक निवडणारा अभियंता नेमका कसला विचार करतो? उत्तर शोधायला नववी-दहावीचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

जोर किती पडतो?

प्रथम टर्बोचार्जरचे काम पाहू. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंच्या झोतावर एक छोटे चक्र फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. सिलिंडरचा आकार तेवढाच राहतो, पण हवा दुप्पट भरली तर इंधनही सुमारे दुप्पट जाळता येते. शक्ती वाढते आणि त्याबरोबर सिलिंडरमधला दाबही वाढतो.

आता हिशेब करू. सिलिंडरचा व्यास ८.९२ सेंटिमीटर घेतला, तर पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ सुमारे ६२.५ चौरस सेंटिमीटर येते. ज्वलनाच्या क्षणी दाब दर चौरस सेंटिमीटरला १०० किलो धरू. शर्यतीच्या टर्बो इंजिनात तो याहून जास्तही जातो. म्हणजे जोर झाला ६,२५० किलो, सव्वासहा टन! हा जोर पिस्टनमार्फत क्रँकशाफ्टला खाली रेटतो आणि तेवढाच जोर हेडला वर उचलू पाहतो. ब्लॉक या दोघांच्या मध्ये ताणला जातो. इंजिन मिनिटाला ९,००० फेरे घेत असेल, तर चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला ७५ वेळा असा हिसका बसतो.

ब्लॉकचे तुकडे होणे ही शेवटची पायरी झाली. त्रास त्याच्या बराच आधी सुरू होतो. हेड आणि ब्लॉक यांच्यामधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांनी उघडली तरी गॅस्केट फुंकले जाते. सिलिंडर किंचित लंबगोल झाला तर पिस्टनच्या रिंगा त्याला नीट टेकत नाहीत आणि वायू खाली निसटतात. बेअरिंगच्या कॅप हलल्या तर तेलाचा पातळ थर तुटून धातूला धातू घासतो. म्हणून ब्लॉक किती जोराने तुटेल एवढेच पाहून भागत नाही. भाराखाली तो किती कमी वाकेल, हे पाहावे लागते. ताकद आणि ताठपणा हे दोन वेगळे गुण आहेत. निवड बहुतेक वेळा ताठपणावर ठरते.

दोन धातूंची तुलना

बिडाची घनता पाण्याच्या ७.२ पट, तर ॲल्युमिनियमची २.७ पट. शर्यतीत प्रत्येक किलो मोजला जातो, त्यामुळे ॲल्युमिनियमची ओढ साहजिक आहे. शिवाय ते उष्णता बिडाच्या सुमारे तिप्पट वेगाने वाहून नेते.

पण ताठपणात बीड सरस आहे. समान आकाराच्या दोन पट्ट्यांवर समान भार टाकला, तर ॲल्युमिनियमची पट्टी सुमारे दीडपट वाकते. त्यामुळे ॲल्युमिनियमच्या ब्लॉकच्या भिंती जाड कराव्या लागतात आणि वजनाची काही बचत तिथेच खर्ची पडते. तापमान २०० अंश सेल्सियसच्या पुढे गेले की त्याच्या मिश्रधातूंची ताकदही झपाट्याने घटते.

प्रसरणाचा मुद्दा आणखी बारीक आहे. क्रँकशाफ्ट पोलादाचा असतो आणि पोलाद व बीड जवळपास सारखेच प्रसरण पावतात. ॲल्युमिनियम त्यांच्या दुप्पट पसरते. बेअरिंगचे भोक ६० मिलिमीटरचे आणि तापमानातली वाढ ८० अंशांची धरा. ॲल्युमिनियममधले भोक सुमारे ०.१ मिलिमीटरने मोठे होईल, पोलादी दांडा मात्र ०.०५ मिलिमीटरनेच फुगेल. म्हणजे ०.०५ मिलिमीटरची जादा फट तयार झाली. बेअरिंगमध्ये मुळात ठेवलेली फटही साधारण एवढीच असते! ॲल्युमिनियमच्या अनेक ब्लॉकना खाली बिडाच्या किंवा पोलादाच्या कॅप बसवतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

बिडाचा स्वभाव त्यातल्या ग्राफाइटमुळे ठरतो. साध्या करड्या बिडात तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. हे पापुद्रे कंपने शोषतात आणि घर्षण कमी करतात. पण त्यांची टोके धारदार असल्याने ताण दिल्यावर तडा तिथूनच सुरू होतो. ग्राफाइट आखूड, जाड आणि बोथट टोकांच्या किड्यांसारखे बनवले, तर बीड बरेच ताकदवान होते. आधुनिक डिझेल इंजिनांच्या काही ब्लॉकमध्ये असे बीड वापरतात.

धातूइतकाच आकार महत्त्वाचा

सिलिंडरभोवती थंड पाणी खेळवावे लागते. काही ब्लॉकमध्ये पाण्याची ही जागा वरून पूर्ण उघडी असते आणि सिलिंडर पातेल्यात ठेवलेल्या पेल्यांसारखे फक्त तळाशी धरलेले असतात. असा ब्लॉक ओतायला सोपा आणि हलका असतो. मात्र मोठ्या दाबाखाली सिलिंडरचे तोंड हलते. दुसऱ्या प्रकारात माथा बंद असतो आणि त्यात पाण्यासाठी लहान भोके तेवढी ठेवतात. जास्त दाबाच्या टर्बो इंजिनासाठी बंद माथाच पसंत केला जातो. टोयोटाने १९९३ च्या सुप्रा गाडीत घातलेले तीन लिटरचे टर्बो इंजिन बिडाचे आणि बंद माथ्याचे होते. कारखान्यातल्या शक्तीच्या कितीतरी पट शक्ती त्याच ब्लॉकमधून काढणारे हौशी लोक आजही त्याला मान देतात.

दोन खरी उदाहरणे

पहिले उदाहरण फॉर्म्युला वनचे. १९८३ साली नेल्सन पिके ब्रॅबहॅम गाडीत जगज्जेता झाला. टर्बो इंजिनावर चालकाचे जगज्जेतेपद मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्या गाडीचे बी.एम.डब्ल्यू. इंजिन चार सिलिंडरचे आणि अवघ्या दीड लिटरचे होते. आपण हिशेबात घेतलेला ८.९२ सेंटिमीटर व्यास त्याचाच. त्याचा बिडाचा ब्लॉक १९६२ पासून साध्या मोटारींत वापरात असलेल्या इंजिनापासून घेतलेला होता. शर्यतीत तो सुमारे ६४० अश्वशक्ती पेलत असे. दीर्घकाळ वापरलेले ब्लॉक त्यासाठी मुद्दाम निवडत, असेही सांगतात. कल्पना तर्काला धरून आहे: ओतकाम थंड होताना आत अडकलेले ताण वारंवार तापण्या-निवण्याने सैल होतात.

दुसरे उदाहरण आपल्याकडचे. टाटा मोटर्सच्या ट्रक-शर्यती २०१४ साली ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर सुरू झाल्या. २०१७ मध्ये त्यासाठी १,०४० अश्वशक्तीचा प्रायमा ट्रक सादर झाला. त्यात कमिन्सचे १२ लिटरचे टर्बो डिझेल इंजिन होते. बी.एम.डब्ल्यू.ने दर लिटरला सुमारे ४२५ अश्वशक्ती काढली होती, तर या ट्रकमध्ये ८७. ट्रक मुळातच काही टनांचा असल्याने ब्लॉकच्या वजनाची फिकीर कमी. म्हणून अशी इंजिने मोठी आणि बिडाची असतात. याउलट आजच्या फॉर्म्युला वन गाडीत वजन सर्वांत महत्त्वाचे आणि खर्चाची पर्वा कमी, म्हणून तिथे ॲल्युमिनियम. निवड कामावरून ठरते, ती अशी.

ब्लॉक पारखताना

ब्लॉक वाळूच्या साच्यात ओतला जातो. महाराष्ट्रात या कामासाठी कोल्हापूर, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यातल्या फाउंड्र्या प्रसिद्ध आहेत. पाण्याची पोकळी तयार करणारा वाळूचा गाभा ओतताना जरा सरकला, तर सिलिंडरची भिंत एका बाजूला पातळ होते. म्हणून शर्यतीसाठी ब्लॉक घेताना भिंतीची जाडी ध्वनीतरंगांनी मोजतात. न दिसणारे तडे शोधण्यासाठी बिडाच्या ब्लॉकला चुंबकत्व देऊन त्यावर लोहकण भुरभुरतात. तडा असेल तिथे चुंबकीय रेषा बाहेर पडतात आणि कण तिथे जमतात. ॲल्युमिनियमवर ही युक्ती चालत नाही. का, हे विद्यार्थ्यांना विचारावे.

या साऱ्याचा शेताशीही संबंध आहे. डिझेल पंपाची ठेवण बदलून जास्त इंधन सोडले की ट्रॅक्टरची ओढ वाढल्यासारखी वाटते. पण ब्लॉक, बोल्ट आणि गॅस्केट जुन्याच दाबासाठी बनवलेले असतात. वाढलेल्या दाबाची आणि उष्णतेची किंमत तेच मोजतात, आणि ऐन पेरणीत इंजिन उघडावे लागले तर कर्जाच्या हप्त्यासकट शेतकरीही.

वर्गात करून पाहा

१. दुकानातले बिडाचे जुने वजन दोरीला टांगून हातोडीने हलकेच ठोका. नंतर शाळेची रुळाच्या तुकड्याची घंटा वाजवा. पोलाद बराच वेळ घुमते, बीड लगेच गप्प होते. आकाराचाही यात थोडा वाटा आहे. तरी ग्राफाइटने शोषलेले कंपन ओळखता येते.

२. जाड कागदाची नळी करून टेबलावर उभी चिकटवा. तिच्या तोंडाला बोटाने बाजूने दाबा. ते लंबगोल होते. आता नळीच्या मापाचे भोक पाडलेला पुठ्ठा तोंडाशी बसवून चिकटवा आणि पुन्हा दाबा. उघड्या आणि बंद माथ्यातला फरक बोटालाच कळेल. मग विचारा: कागद तोच, वजन थोडेसेच वाढले, तर ताठपणा एवढा कशाने वाढला?