खंदक आणि दिवा

आमच्या पारोळ्याचा भुईकोट किल्ला कोणीं पाहिला नाहीं? इ. स. १७२७ मध्यें जहागीरदार हरि सदाशिव दामोदर यांनीं तो बांधला. त्याच्या भोंवतीं खंदक आहे. खंदक मनुष्यास अडवितो. परंतु रात्रीं तटावर हालविलेला दिवा पलीकडे सहज दिसतो. निरोप पोंचतो, निरोप्या मात्र ऐलतीरींच राहतो. हेंच तत्त्व आजच्या एका चिमुकल्या विद्युत्-साधनांत योजिलेलें आहे.

गतवर्षीं विज्ञानप्रदर्शनासाठीं आम्हीं विहिरीवरील पंपाची प्रतिकृति केली होती. ५ व्होल्टवर चालणारी नाजूक संगणकपट्टी आम्हीं १२ व्होल्टच्या मोटारीस सरळ जोडली. एक तार चुकली, आणि कित्येक रात्रींचे श्रम क्षणार्धांत जळून गेले. ज्या साधनानें हा अनर्थ टळला असता, त्याचें नांव ऑप्टोकपलर.

ही चार पायांची काळी डबी होय. तिच्या एका अंगास डोळ्यांस न दिसणारा प्रकाश देणारा एल. ई. डी. दिवा असतो, व दुसऱ्या अंगास प्रकाश पडतांच प्रवाह जाऊं देणारा ट्रान्झिस्टर. मध्यें वीज न वाहणारा, परंतु प्रकाशास वाट देणारा पदार्थ असतो. 'पी. सी. ८१७' या जातीच्या डबींत दोन्ही अंगांमधील हा पडदा ५००० व्होल्टचा ताण एक मिनिटपर्यंत सोसतो.

तीन गोष्टी मात्र विसरूं नयेत. पहिली, दिव्यापूर्वीं रोधक अवश्य घालावा. ५ व्होल्टपैकीं सुमारें १.२ दिव्यावर खर्च होतात, उरलेल्या ३.८ व्होल्टमध्यें १० मिलिअँपिअर प्रवाह हवा, तर ३८० ओहम येतात. म्हणून बाजारांत मिळणारा ३९० ओहमचा घ्यावा. दुसरी, दोन्ही बाजूंचा वीजपुरवठा व ग्राउंड हीं निरनिराळीं ठेवावींत. तीं एकत्र केलीं, तर खंदक आपणच बुजविला असें होईल. तिसरी, ही डबी निरोप नेते, ओझें वाहत नाहीं; मोटार चालविण्यास तिच्यापुढें ट्रान्झिस्टर व रिले लावावा लागतो.

खानदेशांत याचें महत्त्व थोडें नाहीं. शेतांतील मोठे पंप तीन फेजच्या ४१५ व्होल्ट विजेवर चालतात, आणि वीज पुष्कळदां रात्रीं येते. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनीं 'नॅनो गणेश' हें यंत्र काढून घरबसल्या फोनवरून पंप चालविण्याची सोय केली. अशा कोणत्याहि यंत्रांत प्रबळ वीज व नाजूक मंडल शेजारीं नांदतात. त्यांच्यामध्यें भक्कम आड असणें अगत्याचें आहे. ती नसेल, तर यंत्रच नव्हे, कळ दाबणारा हातहि धोक्यांत येतो.

पालकांस विनंति, कीं मुलांनीं असे प्रयोग बॅटरीवरच करावेत. घरच्या २३० व्होल्टच्या तारांस जाणत्याशिवाय कोणीं हात लावूं नये. यंदा आम्हीं नवी प्रतिकृति केली आहे. मध्यें ती काळी डबी आहे, आणि मोटार फिरते आहे.