पुतळ्यांच्या बागेतले भाताचे बांध

मुलांकडे अमेरिकेला जाणारे आपले सभासद बहुधा न्यूयॉर्क आणि नायगारा पाहून परततात. साउथ कॅरोलायनाकडे जाणे झाले, तर ब्रूकग्रीन गार्डन्स जरूर पाहा. आर्चर हंटिंग्टन आणि त्यांच्या शिल्पकार पत्नी अॅना यांनी १९३१ साली ते उभारले. परिसर सुमारे ९,००० एकरांचा. फुलपाखराच्या आकाराची बाग अॅनाबाईंनीच आखली. शेजारच्या प्राणिसंग्रहालयात त्याच भागातले प्राणी आहेत: पाणमांजरे, कोल्हे, गरुड. त्यांतले काही जखमी, रानात परत जगू न शकणारे.

तिकीट सलग सात दिवस चालते, म्हणून घाई नको. खाडीतल्या बोटीच्या सफरीचे पैसे वेगळे पडतात, पण ती चुकवू नका. दोन्ही काठांना जुने बांध दिसतात. इथे पूर्वी भाताचे चार मळे होते. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी दलदल उपसून बांध घातले, भरती-ओहोटीवर पाणी घेणाऱ्या-सोडणाऱ्या झडपा बसवल्या. गोव्याच्या माणसाला आपले खाजन आणि मानस आठवल्याशिवाय राहणार नाही. फरक एवढाच, की आपले बांध गावकऱ्यांनी गावासाठी राखले. तिथे राबणाऱ्यांची स्वतःची मुलेही मालकाची होती. १८६० च्या सुमारास एकट्या वॉर्ड घराण्याकडे हजारावर गुलाम होते.

त्यांच्या वंशजांची, गल्ला गीची समाजाची, भाषा आणि खाद्यपरंपरा सांगणारे कार्यक्रमही तिथे होतात. पुतळे सुंदर आहेतच. पण नातवंडांना आधी ते बांध दाखवा.