रक्तातील जंतुसंसर्गाचे शीघ्र निदान

रक्तप्रवाहात शिरलेल्या सूक्ष्मजंतूंची किंवा कवकांची जाती आणि त्यांवर परिणामकारक ठरणारी प्रतिजैविके थोड्या तासांत ओळखण्याच्या प्रयोगशाळीय पद्धती. निरोगी माणसाचे रक्त सामान्यतः जंतुरहित असते. दात घासतानाही काही जंतू रक्तात शिरतात. परंतु यकृत व प्लीहा यांतील भक्षिकोशिका त्यांचा लवकरच नाश करतात. हे कार्य अपुरे पडल्यास जंतूंची वाढ होऊन जंतुविषरक्तता उद्‌भवते. रक्तदाब घसरतो, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात आणि रुग्ण काही तासांत दगावू शकतो.

निदानाचा पाया अद्यापही रक्तसंवर्धन हाच आहे. प्रौढाच्या शिरेतून प्रत्येक कुपीसाठी ८ ते १० मिलि. रक्त घेऊन ते पोषक द्रवाच्या कुप्यांत घालतात व कुप्या सु. ३५° से. तापमानात ठेवतात. एवढे रक्त घेण्याचे कारण असे की, संसर्ग असतानाही एक मिलि. रक्तात पुष्कळदा एखादाच जिवंत जंतू असतो. अपुऱ्या रक्ताची उणीव पुढे कोणत्याही यंत्राने भरून निघत नाही. त्वचा नीट निर्जंतुक न केल्यास तिच्यावरील निरुपद्रवी जंतू कुपीत वाढतात आणि रुग्णास नाहक औषधे दिली जातात.

जंतूंच्या वाढीमुळे निर्माण होणारा कार्बन डाय-ऑक्साइड यंत्र टिपते. बहुतेक कुप्या पहिल्या दोन दिवसांतच जंतुवाढ दर्शवितात. मग हान्स ख्रिस्त्यान ग्रॅम (१८५३–१९३८) या डॅनिश वैद्यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रंजनपद्धतीने जंतूंचा आकार व गट कळतो. जुन्या रीतीप्रमाणे जाती ठरविण्यास त्यानंतर साधारण एक दिवस आणि औषधसंवेदिता पाहण्यास आणखी एक दिवस लागतो. तोवर वैद्याला अंदाजानेच औषध द्यावे लागते. हा विलंब किती घातक ठरतो, हे आनंद कुमार व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या २,७३१ रुग्णांच्या पाहणीत दिसले : रक्तदाब घसरल्यानंतर परिणामकारक औषध मिळण्यास होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरागणिक जगण्याचे प्रमाण सरासरी ७·६ टक्क्यांनी घटत गेले.

शीघ्र पद्धतींपैकी द्रव्यमान वर्णपटमापनात जंतूंवर लेसर किरण टाकून त्यांतील प्रथिने विद्युत्‌भारित करतात. ती नळीतून किती वेळात धावतात यावरून मिळणारा आलेख ज्ञात जंतूंच्या आलेखांशी ताडून काही मिनिटांत जाती सांगता येते. मोठे जैव रेणू न मोडता असे विद्युत्‌भारित करण्याच्या कार्याबद्दल कोइची तानाका यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पॉलिमरेज शृंखला विक्रियेवर आधारलेल्या चाचण्या जंतूबरोबरच औषधरोधाची काही जनुकेही सु. एका तासात शोधतात. मात्र ज्यांची विचारणा केली असेल तेवढीच त्यांना सापडतात. शिवाय यांतील बहुतेक चाचण्या कुपीत जंतुवाढ झाल्यावरच करता येतात. म्हणजे वाचतो तो उत्तरार्धातील वेळ.

शीघ्र उत्तराने रुग्ण वाचतोच असे नाही. अमेरिकेत ६१७ रुग्णांवर झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत अशा तपासणीमुळे औषधयोजना लवकर सुधारली, पण मृत्युप्रमाणात फरक दिसला नाही. २०१७ मधील ३१ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात मृत्यूचा धोका घटलेला आढळला. परंतु निष्कर्ष तत्काळ वैद्यापर्यंत पोहोचवून औषध बदलविणारी व्यवस्था जेथे नव्हती, तेथे ही घट निश्चितपणे सिद्ध झाली नाही. रात्री दोन वाजता आलेले उत्तर सकाळपर्यंत कोणी वाचलेच नाही, तर यंत्राचा वेग व्यर्थ जातो.

अंतराचा प्रश्नही याच प्रकारचा आहे. टिटवाळ्यासारख्या ठिकाणी सायंकाळी घेतलेले रक्त कल्याण किंवा मुंबई येथील प्रयोगशाळेत दुसऱ्या दिवशी पोहोचले, तर शीघ्र चाचणीने वाचणारे तास वाटेतच खर्ची पडतात. कुपी शीतकपाटात न ठेवता शक्यतो काही तासांतच यंत्रात ठेवावी लागते. आंत्रज्वराच्या बाबतीत या अडचणीमुळे विडाल चाचणीवर भिस्त ठेवण्याची सवय जडली आहे. ती चाचणी जंतू नव्हे, तर प्रतिपिंडे दाखविते आणि ती पूर्वीच्या संसर्गामुळेही असू शकतात. संवर्धनातही आंत्रज्वराचे सु. ६० टक्केच रुग्ण उघड होतात. तरीही ठाणे जिल्ह्यातील नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये संयुग्मित आंत्रज्वर लस सु. १ लाख १३ हजार मुलांना दिली, तेव्हा लशीचा परिणाम मोजण्यासाठी रक्तसंवर्धनाचाच आधार घेण्यात आला. सार्वजनिक कार्यक्रमात ही लस वापरण्याचा जगातील तो पहिला प्रसंग होय.

जेथे प्रयोगशाळाच नाही, तेथील अनुभव गडचिरोली जिल्ह्यातला आहे. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५–९८ या काळात ३९ गावांतील आरोग्यसेविकांना नवजात अर्भकातील जंतुविषरक्ततेची बाह्य लक्षणे ओळखण्यास व घरीच जेंटामायसिन टोचण्यास शिकविले. दूध ओढणे मंदावणे, रडणे क्षीण होणे, अंग सैल पडणे अशी लक्षणे आईलाही ओळखता येतात. या रोगाने आजारी पडलेल्या अर्भकांतील मृत्यूचे प्रमाण १६·६ टक्क्यांवरून २·८ टक्क्यांवर आले. येथे कोणता जंतू होता हे कळले नाही. पण पहिली मात्रा वेळेवर मिळाली. अशा ढोबळ निदानात अनावश्यक प्रतिजैविके दिली जाण्याचा संभव राहतो, आणि औषधरोधी जंतू वाढतील तसतशी ठराविक औषधाची खात्रीही कमी होत जाते.