हट्ट नव्हे, तो मेल्टडाउन

गणेशोत्सवात वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून मिरवणूक निघते तेव्हा ढोल-ताशे, डीजे, फटाके, हॉर्न आणि अंगाला अंग घासणारी गर्दी हे सगळं एकदमच अंगावर येतं. अशा वेळी आठ-दहा वर्षांचा एखादा मुलगा कानांवर हात दाबून रस्त्यातच बसतो, किंचाळतो, उठवायला गेलेल्या आईच्या हाताला चावतो, आणि बघणारे 'लाडावून ठेवलंय' म्हणून मोकळे होतात. ऑटिझम असलेल्यांबद्दलचा हा सर्वात रुळलेला गैरसमज. हट्टाला काहीतरी हवं असतं. हट्टी मूल रडता रडता आपल्याकडे कुणी बघतंय का ते पाहतं आणि खेळणं हातात पडलं की डोळे पुसतं. मेल्टडाउन म्हणजे संवेदनांचा भार असह्य होऊन स्वतःवरचा ताबा सुटणं. त्यात मागणीच नसते, म्हणून कुल्फी किंवा मोबाइल देऊन तो थांबत नाही आणि धपाट्यानेही नाही. ऑटिझम असलेलं मूल कधी हट्ट करतच नाही असं नाही, पण दोन्हींना एकच औषध देणं चूक आहे.

यावर ठरलेला आक्षेप असा: हाच मुलगा घरी स्पीकरला कान लावून गाणी ऐकतो, मग ढोलच कसा सहन होत नाही? घरचं गाणं त्याच्या ओळखीचं असतं, बंद करायचं बटण त्याच्याच हातात असतं. ढोल केव्हा वाजेल आणि केव्हा थांबेल हे त्याला कळत नाही. शिवाय एकाच व्यक्तीला काही संवेदना फार तीव्र, तर काही फार क्षीण जाणवू शकतात. निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या डीएसएम या अमेरिकन पुस्तिकेच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत या दोन्ही गोष्टी ऑटिझमच्या निकषांत आल्या.

'सवय लावा, आपोआप जाईल' हा सल्ला आपुलकीने दिला जातो, म्हणून तो टाळणं आईवडिलांना अधिक जड जातं. पण सवय होणं हीसुद्धा मेंदूची एक क्रिया आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना त्रासदायक आवाज आणि खरखरीत स्पर्श पुन्हा पुन्हा देऊन मेंदूचं चित्रण केलं. इतर मुलांचा प्रतिसाद हळूहळू ओसरत गेला. ऑटिझमबरोबर तीव्र संवेदनशीलता असलेल्या मुलांमध्ये तो तसा ओसरला नाही. आधी सांगून, मुलाच्या कलाने, थोड्या वेळापासून सुरुवात केली तर काही गोष्टी जमू लागतात, हे खरं. मात्र गर्दीत ढकलून 'होईल सवय' म्हणणं म्हणजे भाजलेल्या बोटाला पुन्हा निखारा लावणं.

'शाळेत शहाणा असतो, घरी आल्यावरच नाटकं करतो' हेही नेहमीचं. अनेक ऑटिस्टिक मुलं आणि मोठी माणसं दिवसभर स्वतःला आवरून धरतात: कान झाकायचे नाहीत, हात हलवायचे नाहीत, नजरेला नजर द्यायची. साठलेलं सुरक्षित जागी बाहेर पडतं, आणि बोल मात्र आईला लागतो. काही जण फुटतच नाहीत, उलट गप्प होतात. बोलता येत असूनही त्या क्षणी शब्द येत नाही, आणि पाहुण्यांना तो उद्धटपणा वाटतो.

ऑटिस्टिक माणसांना दुसऱ्याच्या भावना कळत नाहीत, हा समजही अर्धवटच आहे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. २०१७ मध्ये नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी ऑटिस्टिक व्यक्तींचं काही सेकंदांचं बोलणं इतरांना दाखवलं, ऐकवलं. लगेच मत प्रतिकूल झालं. तेच बोलणं नुसतं लिहून वाचायला दिलं तेव्हा ती नाराजी उरली नाही. म्हणजे लोकांना खटकलं ते काय बोललं हे नव्हे, तर आवाजाची पट्टी, चेहरा, हातवारे.

मग एका मुलासाठी सण बंद करायचे का? तसं कुणी मागत नाही. ऑटिझम २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात स्पष्टपणे आहे, आणि निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनीच घातली आहे. नवरात्रात हजारो खेळैये येतात त्या मैदानावर स्पीकरपासून दूर एक शांत कोपरा, रांगेत न थांबता बाहेर पडायची वाट आणि मुलाभोवती घोळका होऊ न देणारा एक स्वयंसेवक एवढं झालं, तरी अनेक कुटुंबं गरब्याला येऊ शकतील.