सामायिक डिस्कचा ‘वाजिब-उल-अर्ज’

भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. कोहळी समाजाच्या कसबातून उभे राहिलेले मालगुजारी तलाव येथील धानशेतीला पिढ्यान्‌पिढ्या पाणी पुरवीत आले. तलाव एक आणि तुडुमातून, म्हणजे पाणी सोडण्याच्या दारातून, येणाऱ्या पाण्यावर हक्क सांगणारे अनेक. त्यामुळे गावोगावचे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात नोंदवले गेले. मालगुजारी १९५१ मध्ये संपुष्टात आली. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्येही सिंचनाच्या आणि मासेमारीच्या रिवाजांची अशी नोंद करण्यासाठी कलम १६५ आहे.

संगणकांच्या जाळ्यातही याच जातीचा एक दस्तऐवज असतो. लिनक्स सर्व्हरवरील ‘एक्सपोर्ट्‌स’ नावाची ही फाइल जेमतेम चार-पाच ओळींची असते आणि तितक्याच निष्काळजीपणे लिहिली जाते. एका सर्व्हरची डिस्क इतर संगणकांना जणू आपलीच वाटावी, यासाठी सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने १९८४ च्या सुमारास ‘नेटवर्क फाइल सिस्टीम’, म्हणजेच ‘एनएफएस’, ही पद्धत विकसित केली. समजा, भंडाऱ्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चाळीस संगणक आहेत. विद्यार्थी कोणत्याही संगणकावर बसला तरी त्याला स्वतःच्या फाइली मिळाव्यात, ही सोय एनएफएस करते. सर्व्हर आपला फोल्डर देऊ करतो, याला ‘एक्सपोर्ट’ म्हणतात. प्रयोगशाळेतील संगणक तो आपल्याकडे जोडून घेतो, ते ‘माउंट’. अटी दोन्ही बाजूंना लिहायच्या असतात आणि गफलतीही दोन्ही बाजूंना होतात.

एक्सपोर्ट्‌सच्या प्रत्येक ओळीत आधी फोल्डरचे नाव, मग तो ज्याला द्यायचा त्या संगणकाचा पत्ता आणि पत्त्याला अगदी चिकटून कंसात अटी असतात. ‘आरओ’ म्हणजे केवळ वाचण्याची मुभा, ‘आरडब्ल्यू’ म्हणजे लिहिण्याचीही. येथे ‘चिकटून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पत्ता आणि कंस यांच्यामध्ये चुकून एक मोकळी जागा सुटली, तर सर्व्हर त्याचा अर्थ वेगळाच लावतो. ज्या संगणकाचे नाव लिहिले त्याला नेहमीची, म्हणजे केवळ वाचण्याची, मुभा मिळते आणि कंसातील लिहिण्याचा अधिकार उरलेल्या साऱ्या जगाला बहाल होतो! ज्याला द्यायचे तो कोरडा आणि वाटसरूला तुडुम मोकळे, असा हा प्रकार.

दुसरी अट ‘रूट स्क्वॅश’. प्रयोगशाळेतील संगणकाचा सर्वाधिकारी, म्हणजे ‘रूट’, सर्व्हरवर आला की त्याला सामान्य, बेनाम वापरकर्ता मानावे, असा तिचा अर्थ. ही अट आपोआप लागू असते. पण काही तरी अडले की ‘नो रूट स्क्वॅश’ लिहून ती काढून टाकण्याचा मोह अनेकांना होतो. त्यानंतर चाळीसपैकी कोणत्याही एका संगणकाचा पासवर्ड फुटला, तर त्या फोल्डरातील प्रत्येक फाइल फुटलीच. अर्थात रूट स्क्वॅशवर विसंबून निर्धास्त राहणेही बरे नव्हे. रूढ पद्धतीत सर्व्हर वापरकर्त्याला पासवर्ड विचारीत नाही. समोरचा संगणक जो वापरकर्ता क्रमांक सांगेल तो खरा मानतो. ज्याच्या लॅपटॉपला त्या जाळ्यात परवानगीचा पत्ता मिळाला, तो स्वतःला प्राध्यापकांचा क्रमांक देऊन प्रश्नपत्रिका वाचू शकतो. खरी ओळख पटवायची तर ‘कर्बेरॉस’ ही स्वतंत्र व्यवस्था लागते. तिची उभारणी किचकट आहे, तरीही परीक्षेचे कागद ठेवायचे असतील तर तिला पर्याय नाही, असे आमचे मत आहे.

तिसरी जोडी ‘सिंक’ आणि ‘असिंक’ यांची. सिंकमध्ये मजकूर डिस्कवर खरोखर उतरल्याशिवाय सर्व्हर ‘लिहिले’ असे कळवीत नाही. असिंकमध्ये तो स्मृतीत घेऊनच होकार देतो. काम झपाट्याने होते, पण त्याच क्षणी वीज गेली तर होकार मिळालेला मजकूर हरवतो आणि विद्यार्थ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. जुन्या लिनक्समध्ये असिंक हीच नेहमीची पद्धत होती, पुढे सिंक झाली. वीज कधीही जाऊ शकते अशा ठिकाणी वेगासाठी असिंक निवडणे धाडसाचे ठरेल.

आता माउंट करणाऱ्याची बाजू. सर्व्हर उत्तर देईनासा झाला तर काय करावे, हा येथील मुख्य प्रश्न. ‘हार्ड’ ही अट असेल तर संगणक तो परत येईपर्यंत थांबून राहतो. पडदा गोठल्यासारखा दिसतो आणि लोक वैतागतात. ‘सॉफ्ट’ असेल तर काही प्रयत्नांनंतर तो चूक झाल्याचे कळवून मोकळा होतो. ऐकायला सॉफ्ट बरे वाटते. पण अर्धवट लिहिलेली फाइल मागे राहण्याचा धोका त्यातच आहे. लिहिण्याच्या फोल्डरसाठी हार्डच हवे. केवळ वाचण्याच्या फोल्डरला सॉफ्ट चालेल. गोठलेले काम सोडवता यावे म्हणून पूर्वी ‘इंटर’ अशी एक अट जोडत. २००८ च्या लिनक्स २.६.२५ पासून तिला अर्थ उरलेला नाही, तरीही जुन्या टिपणांतून ती इमानेइतबारे उतरवली जाते. याउलट ‘नोफेल’ ही अट बरेच जण विसरतात. ती नसेल तर सर्व्हर बंद असलेल्या सकाळी चाळीसही संगणक सुरू होतानाच अडकून पडू शकतात.

एक्सपोर्ट्‌समध्ये बदल केल्यावर सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करण्याची गरज नसते. ‘एक्सपोर्टएफएस’ ही आज्ञा ‘आरए’ या जोडाक्षरांसह दिली की नवे नियम लागू होतात. मग तीच आज्ञा ‘व्ही’सह द्यावी, कोणता फोल्डर कोणाला, कोणत्या अटींवर दिला गेला आहे याची यादी पडद्यावर येते. त्यात संगणकाच्या पत्त्याऐवजी ‘वर्ल्ड’ असा शब्द दिसला, तर त्या ओळीत कंसाआधी जागा सुटली आहे काय, ते आधी पाहावे.